फवारा बघून पैसे

दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर घातलेली झेंडूची माळ पुरती वाळायच्या आत निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातल्या पंप-नोझलवाल्यांच्या दारात गर्दी सुरू होते. दिवाळीच्या पुढेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, हद्दीपलीकडे कागलचा शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा. एकदा गाळप सुरू झालं की दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला चार-पाच महिने उसंत नाही. गाडी रस्त्यात बसली तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, टोळी हात बांधून बसून राहते. म्हणून जे काय करायचं ते आत्ताच. तक्रार ठरलेली असते: "आण्णा, धूर लई मारालंय, चढाला दम धरीना." आणि मिस्त्रीचा प्रश्नही ठरलेला: "डिझेल फिल्टर कवा बदललासा?"

या प्रश्नाला बहुतेकदा उत्तर मिळत नाही. ट्रॅक्टरवाला टोपी मागं सारतो आणि इकडंतिकडं बघतो.

मग इंजेक्टर निघतात. दुकानाच्या कोपऱ्यात नोझल टेस्टर असतो. एक लोखंडी ठोकळा, वर तेलाचा लहान डबा, समोर दाबाचं घड्याळ, बाजूला हातदांडा. इंजेक्टर त्याला तोंड खाली करून आवळायचा आणि दांडा दाबायचा. काटा वर सरकत दोनशेच्या आसपास येतो आणि 'किर्र' करून नोझल फवारा सोडतं. चांगला फवारा धुक्यासारखा, प्रत्येक छिद्रातून सारखा. खराब नोझल फवारत नाही, धार सोडतं आणि दांडा सोडल्यावर त्याच्या टोकाला थेंब लोंबत राहतो. तो थेंब म्हणजेच काळा धूर. नीट न फुटलेलं डिझेल पुरतं जळत नाही, काजळी होऊन बाहेर पडतं. फवाऱ्याखाली हात मात्र कुणी धरत नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट गमवायची पाळी येते.

दहा मिनिटांचं काम. पण गिऱ्हाईक शेजारी उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघतं की तीनपैकी कुठलं नोझल धड आहे आणि कुठलं गेलंय. इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या बेळगावात, काचेच्या दाराच्या सर्व्हिस सेंटरात, हेच काम 'इंजेक्टर क्लीनिंग' या नावानं बिलाची एक ओळ होऊन येतं. तिथं ना दांडा दिसतो, ना फवारा. गाडी आत जाते, संध्याकाळी धुऊनपुसून बाहेर येते आणि बिलात दीड-दोन हजार वाढलेले असतात. ते पैसे वसूल होतात का?

या भागातल्या लोकांना इंजिनाचं कौतुक नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं केली, आणि १९१० मध्ये बेळगाव सोडून औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या घराण्यानं १९४६ साली पुण्यात काढलेल्या कारखान्याची डिझेल इंजिनं नंतर गावोगावच्या विहिरींवर आणि नदीकाठांवर धडधडू लागली. दुसरा धागा बेंगळुरूचा. तिथं १९५१ मध्ये जर्मन बॉशच्या साहाय्यानं 'मोटर इंडस्ट्रीज कंपनी' निघाली. तिचं आद्याक्षरी नाव मायको. डिझेल पंप आणि नोझल यांच्याशी हे नाव असं चिकटलं की २००८ मध्ये कंपनीनं ते बदलून बॉश केलं, तरी हायवेच्या कडेचे जुने मिस्त्री अजून 'मायको पंप' म्हणतात.

नोझल हा वरवर अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. डिझेल नोझलच्या टोकाला जी छिद्रं असतात ती मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे माणसाच्या दोन-तीन केसांच्या जाडीची. आतली सुई आणि तिचं घर यांतली फट दोन ते चार मायक्रॉन. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे त्याच्या जाडीचे वीस भाग केले तर एक भाग. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये मायक्रॉनची भाषा रोज चालते, तिथल्या कामगाराला हे सांगावं लागत नाही. आणि नव्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत हे सगळं दोनशे नव्हे, सोळाशे ते दोन हजार बारच्या दाबाखाली चालतं. अशा जागी पाण्याचा एक थेंब किंवा गंजाचा एक कण काय करील ते निराळं सांगायला नको.

पेट्रोल गाडीचं दुखणं वेगळं. तिथं दाब तीन-चार बारचा, आणि घाण बसते ती गाडी चालताना कमी, बंद केल्यावर जास्त. तापलेलं इंजिन थांबलं की इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेलं थेंबभर पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट राळ ठेवतं. बेळगावात रोज टिळकवाडीतून कॅम्पापर्यंत दोन किलोमीटर जायचं, बंद करायची, पुन्हा तासाभरानं सुरू करायची, अशा गाडीत ही राळ थरावर थर साचते. रोज कोल्हापूरला जाऊन येणारी गाडी त्या मानानं स्वच्छ राहते. म्हणजे कमी चालवलेली, जपून वापरलेली, कापड घालून ठेवलेली गाडीच आधी रडते. मालकाला हे पटता पटत नाही.

हा ताप अमेरिकेनं आधी भोगला. १९८०च्या दशकात तिथं नव्या इंजेक्शन गाड्यांचे इंजेक्टर तुंबू लागले, तेव्हा पेट्रोलमध्येच साफ करणारी रसायनं मिसळायची चाल पडली, आणि १९९५ पासून ते तिथं सक्तीचं झालं. तिथल्या मोटारमालकांच्या एएए या संघटनेनं २०१६ मध्ये चाचणी घेतली. जास्त दर्जाचं रसायन असलेल्या पेट्रोलच्या तुलनेत साध्या पेट्रोलनं इंजिनाच्या व्हॉल्व्हांवर एकोणीस पट काजळी धरली. आपल्याकडं पंपावर चार पैसे जास्त घेऊन विकलं जाणारं 'स्पीड', 'पॉवर' किंवा 'एक्सपी ९५' हे अशाच प्रकारातलं. ते टाकीत घातल्यावर गाडी पळत सुटते हा भ्रम आहे, पण आतली घाण हळूहळू कमी होते यात तथ्य आहे.

आता बिलातल्या त्या ओळीकडं. 'क्लीनिंग' या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं विकली जातात, आणि गिऱ्हाइकाला ती वेगळी आहेत हेच ठाऊक नसतं. सगळ्यांत स्वस्त म्हणजे बाटली. टाकीत ओतायची, भरून घ्यायची, चालवायची. त्यात पॉलिइथरअमाइन नावाचं द्रव्य असेल तर हलकी राळ खरंच सुटते. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. दुसरं काम डब्याचं. टाकीतून येणारी नळी बंद करून साफसफाईच्या द्रवावर इंजिन अर्धा तास चालवायचं. बऱ्याच सर्व्हिस सेंटरांत 'क्लीनिंग' म्हणजे हेच. इंजेक्टर जागचा हलत नाही, त्यामुळं आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही, ना गिऱ्हाइकाला, ना खुद्द करणाऱ्याला.

तिसरं काम खऱ्या अर्थानं काम. चारही इंजेक्टर काढायचे, बाकावरच्या यंत्राला लावायचे, खाली चार काचेच्या नळ्या. सगळे एकाच वेळी ठरावीक काळ उघडायचे आणि कुठल्या नळीत किती तेल पडलं ते बघायचं. तीन नळ्या सारख्या आणि चौथी दोन बोटं खाली, हे दृश्य एकदा बघितलेला माणूस पुन्हा बाटलीवर विश्वास ठेवत नाही. मग ते अल्ट्रासोनिक भांड्यात टाकायचे. तिथं ध्वनिलहरींनी द्रवात बारीक बुडबुडे फुटतात आणि हात न लावता राळ सुटते. आतली जाळी आणि रबरी रिंगा बदलायच्या, पुन्हा मोजायचं. आधीचा आकडा, नंतरचा आकडा. दोन्ही लिहून देणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नये.

सर्व्हिस सेंटरं सांगतात, क्लीनिंगनं अॅव्हरेज वाढतं. हे अर्धंच खरं. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला सेन्सर धूर हुंगून संगणकाला सांगत असतो की पेट्रोल कमी पडतंय की जास्त. चारही इंजेक्टर सारखेच थोडे तुंबले असतील तर संगणक त्यांना जरा जास्त वेळ उघडं ठेवतो आणि कमतरता भरून काढतो. गाडीला फारसं काही होत नाही, आणि अशा गाडीचे इंजेक्टर धुऊन अॅव्हरेजही फारसं वाढत नाही. भानगड होते ती चारांत एकच तुंबला की. मग संगणक सरासरी सांभाळायच्या नादात तीन धडांनाही जास्त पाजतो, गाडी सिग्नलला थरथरते, मिस करते. स्कॅनर लावला तर 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा दिसतो. तो कायम दहा टक्क्यांच्या वर असेल तर काहीतरी गडबड आहे. मात्र ती इंजेक्टरचीच असते असं नाही. फुटकी हवेची नळी किंवा थकलेला पेट्रोल पंप हीच लक्षणं दाखवतो. स्कॅनर न लावता क्लीनिंग सुचवणारा म्हणजे नाडी न बघता सलाईन लावणारा.

पैशाचा हिशेब मांडून बघू. शहरातली गाडी महिन्याला सहाशे किलोमीटर, लिटरला पंधरा, म्हणजे चाळीस लिटर. शंभर रुपये भाव धरला तर चार हजार. उदारपणे तीन टक्के फायदा धरला तरी महिन्याला एकशे वीस रुपये. क्लीनिंगला चोवीसशे गेले तर वीस महिने. तोवर गाडी विकून नवी घ्यायचा विचार घरात सुरू झालेला असतो. चाकांत हवा सहा-आठ पौंडांनी कमी असली तरी दीडेक टक्का इंधन जातं, आणि हवा बहुतेक पंपांवर फुकट मिळते.

आता तोच हिशेब ट्रकचा. महिन्याला आठ हजार किलोमीटर, लिटरला चार, म्हणजे दोन हजार लिटर. नव्वदच्या भावानं एक लाख ऐंशी हजार. त्याचे तीन टक्के चोपन्नशे रुपये, दर महिन्याला. सहा नोझल तपासून दुरुस्त करायला बारा हजार लागले असं धरलं तरी सव्वादोन महिन्यांत मोकळा. तवंदीच्या घाटात वीस-पंचवीस टन घेऊन चढणाऱ्या गाडीचा काळा धूर बघून कुणी नाक मुरडतं, मालकाला मात्र त्यात नोटा जळताना दिसतात. उत्तर 'होय' की 'नाही' ते मीटर ठरवतो, आणि ट्रकवाल्यांना ते कुणी शिकवावं लागत नाही. त्यांच्या वहीत लिटर आणि किलोमीटर रोज लिहिलेले असतात.

सीमाभागात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त होतं, म्हणून कोगनोळी नाक्याच्या अलीकडं टाक्या भरून पलीकडं जायची रीत जुनी. एमएच ०९ पाटीच्या गाड्या कर्नाटकातल्या पंपांवर हटकून दिसायच्या. कर्नाटकानं डिझेलवरचा विक्रीकर जून २०२४ मध्ये चौदा टक्क्यांवरून अठराच्या वर नेला आणि एप्रिल २०२५ मध्ये एकवीसच्या वर, तेव्हापासून ही चैन बरीच आटली. पण सवय गेली नाही. शेतकरी कॅन घेऊन जातो, दोन-अडीचशे लिटर आणून गोठ्यात ड्रममध्ये ठेवतो. पावसाळ्यात ड्रमच्या वरच्या भागात दमट हवा थंड होते, थेंब धरतात, डिझेलपेक्षा जड असल्यानं पाणी तळाला बसतं आणि एक दिवस तळाचं तेल टाकीत जातं. लिटरमागं दोन रुपये वाचवले म्हणजे दोन-सव्वादोन टक्के, आणि त्या गंजलेल्या पाण्यानं एक नोझल गेलं की वर्षाची बचत गेली. डिझेल फिल्टरच्या बुडाला पाणी काढायचा छोटा स्क्रू असतो. तो वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, किती वेळा तर रंगानंच बंद झालेला असतो.

पंपाचाच संशय असेल तर तिथंच तपासता येतं, हे फार थोडे जण वापरतात. पंपावर गिऱ्हाइकानं मागितल्यावर फिल्टर पेपर द्यावा लागतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकायचा, दोन मिनिटांत उडून गेला पाहिजे, डाग राहिला तर भेसळीचा संशय. पाच लिटरचं शिक्क्याचं मापही तिथं ठेवावंच लागतं. मागायला संकोच वाटतो, एवढाच काय तो अडथळा. गोव्याहून येताना स्वस्त पेट्रोलनं टाकी काठोकाठ भरून चोर्ला घाट चढणारी बेळगावकर मंडळी हा संकोच कधी सोडतील देव जाणे.

पेट्रोलचा मामला आता उसापर्यंत आला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूत वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि दोन-अडीच वर्षांत ते देशभर झालं. ज्या उसासाठी इथले ट्रॅक्टर नोझल करून घेतात, त्याच उसाच्या मळीपासून झालेलं इथेनॉल गावातल्या स्प्लेंडरच्या टाकीत परत येतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि जुन्या टाकीच्या तळाची राळ आणि गंज सोडवून पुढं ढकलतं. जुन्या गाडीत पहिले काही महिने फिल्टर लवकर भरतो तो त्यामुळं. त्यातून मिळणारी ऊर्जाही पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं पडणारच. ते पडलं म्हणून इंजेक्टर धुऊन परत येणार नाही. २०२५ मध्ये बऱ्याच गाड्यांच्या मालकांनी बहुधा याच गैरसमजातून क्लीनिंगचे पैसे भरले असावेत.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि दुचाकीतूनही कार्बोरेटर गेला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा हात मात्र कार्बोरेटरवर बसलेला. जेट तुंबला की पिन मारायची, फुंकायचं, पेट्रोलमध्ये बुडवायचं, झालं. तीच पिन इंजेक्टरच्या छिद्रात गेली की ते छिद्र कायमचं वेडंवाकडं. धुऊन मिटलं असतं ते दुखणं मग नवा इंजेक्टर मागतं.

डिझेल गाडीवाल्यानं मात्र धुण्याची आणि झिजेची गल्लत करू नये. २००७ च्या आसपास स्विफ्टच्या डिझेल इंजिनानं कॉमन रेल हा प्रकार मध्यमवर्गीय घरात आणला. अशा गाडीच्या इंजेक्टरच्या पोटात एक बारीक गोळी बसणारी जागा असते. वर्षानुवर्षांच्या दाबानं ती झिजते. तेल परतीच्या नळीतून जास्त निसटू लागतं आणि सकाळी गाडी सुरू व्हायला दमवते. याची तपासणी अगदी साधी: चारही परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन चालू करायचं, कुठली बाटली आधी भरते ते बघायचं. जी आधी भरली तिचा इंजेक्टर झिजलेला, आणि झिजलेली गोष्ट कितीही धुतली तरी झिजलेलीच. तिचं क्लीनिंग करून घेणं म्हणजे फाटक्या धोतराला नीळ घालणं. नवा इंजेक्टर एका नगाला दहा-पंधरा हजारांच्या पुढं जातो, म्हणून बाटलीची ही परीक्षा आधी. इंजेक्टर बदलला तर त्याच्या अंगावरचा सांकेतिक आकडा स्कॅनरनं गाडीच्या संगणकात भरावा लागतो. तो न भरता गाडी ताब्यात दिली तर नव्या इंजेक्टरनंही गाडी ठोकत राहते, आणि दोष इंजेक्टर विकणाऱ्याच्या माथी जातो. खालचा तांब्याचा वॉशरही नवाच हवा. जुना वॉशर परत घातला की ज्वाला बाजूनं वर येते आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा असा काळा थर धरतो, की पुढच्या वेळी तो निघायला हातोडा लागतो.

हायड्रोजन सोडून कार्बन काढून देतो असं सांगणारे फिरते तंबूही अलीकडं दिसतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं इंधन वाचवतात म्हणून विकली जाणारी शंभरावर उपकरणं तपासली, आणि अॅव्हरेजात लक्षणीय फरक पाडणारं एकही त्यांना सापडलं नाही. त्या तंबूंबद्दल याहून अधिक लिहायची गरज वाटत नाही.

निपाणीच्या दुकानात तोवर दुपार होते. टेस्टरवर तिसरं नोझल चढलेलं असतं. पहिली दोन कोरडी राहिली, तिसऱ्याच्या टोकाला थेंब. मिस्त्री ते पाना लावून उघडतो, सुई बाहेर काढून बोटांत धरतो. तिच्या टोकाला निळसर डाग आहे. ही धुण्यासारखी नाही. नवं नोझल, एक शिम, तीन तांब्याचे वॉशर, आणि फिल्टरची जोडी. जुनं नोझल वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून तो मालकाच्या हातात ठेवतो, कन्नडात काहीतरी बोलतो, पोराला मराठीत पाना आणायला सांगतो. मालक पुडी खिशात घालतो, बाहेर येऊन ट्रॅक्टरच्या फिल्टरखालचा स्क्रू सोडतो. आधी नुसतं पाणी येतं, गढूळ, मग डिझेल.